अनुदान कुणाच्या नावावर?

आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं उरकली की मंडळी मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसतात. पाऊसपाणी होतं, कांद्याचा भाव होतो, उसाचं पेमेंट कुठवर आलं हे होतं. मग पुण्या-मुंबईचा एखादा पाहुणा म्हणतोच, "तुमचं काय बुवा! वीज फुकट, खत स्वस्त, वर वर्षाला बारा हजार खात्यात." त्यावर गावाकडचा कुणीतरी उसळतो, "या एकदा रात्री दोन वाजता उसाला पाणी भरायला. बिबट्या दिसेल, तोही फुकटच!" हशा होतो, पान पुढे होतं आणि वाद तिथंच राहतो.

गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नसतात. पीएम किसानचे सहा हजार (२०१९ पासून) आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार (२०२३ पासून) मिळून बारा हजार होतात, हे खरं. आणि राहुरीच्या उसात बिबटे आहेत, हेही खरं. पण 'शेतकऱ्याला मिळतं' म्हणताना त्यातला शेतकरी नक्की कोण, हा प्रश्न त्या मांडवात कुणी विचारत नाही. मला बरेच दिवस तोच छळतोय. म्हणून हा लांबलचक लेख. नातेवाईक मंडळींनी चहा घेऊनच बसावं.

अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप नावाची एक संस्था आहे. तिनं तिथल्या शेती अनुदानाची यादीच इंटरनेटवर टाकून दिली. आपली काउंटी (म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा) निवडायची आणि कुणाला किती डॉलर मिळाले ते वाचायचं. तिकडे ही परंपरा जुनी आहे. १९३३ साली मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा पीक कमी घ्यावं म्हणून सरकारनं शेतकऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली.

राहुरी तालुक्याची अशी यादी केली तर? पीएम किसानची गावनिहाय यादी सरकारी संकेतस्थळावर आलेली आहे. ठिबकचं अनुदान, शेततळं, कांद्याचं अनुदान यांच्याही याद्या कार्यालयांत असतात. पण नीट विचार केला तर सरकारनं या तालुक्याला दिलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टी अशा कुठल्याच यादीत सापडणार नाहीत. त्यांना कुणी 'अनुदान' असं नावच दिलेलं नाही. ती यादी मागं जाऊन आपल्यालाच लिहावी लागेल.

सुरुवात तगाईपासून करू. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तो वणवा आपल्या जिल्ह्यातही आला, पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जतपर्यंत. इंग्रज सरकार हादरलं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. मग १८८३ मध्ये जमीन सुधारणेच्या कर्जाचा आणि १८८४ मध्ये बी-बियाणं, बैल यांसाठीच्या कर्जाचा कायदा आला. हीच ती तगाई. विहीर खोदायला, बांध घालायला, बैलजोडी घ्यायला सरकार कमी व्याजानं पैसे देणार आणि महसुलासारखे वसूल करणार.

यात फुकट काही नव्हतं, पण पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा एक नियम इथं घातला गेला. तगाईला तारण लागायचं, आणि तारण म्हणजे मुख्यतः जमीन. जमिनीच्या कागदावर नाव असलेला माणूस सरकारच्या दारात उभा राहू शकत होता. नाव नसलेला सावकाराच्याच ओट्यावर राहिला.

त्याच १८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात त्यांनी सरकारला उपाय सुचवले आहेत. पलटणीतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी बंधारे घालून घ्यावेत, पावसाचं पाणी शेतात मुरवावं, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्यावं, असे. कर्ज देऊन मोकळं व्हायच्या ऐवजी रानात पाणी आणि डोक्यात ज्ञान पोचवा, असा त्याचा सारांश. पुढं याच फुल्यांचं नाव राहुरीच्या विद्यापीठाला मिळालं. त्याकडे नंतर येतो.

तगाईनंतर आलं धरणाचं पाणी. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या कालव्यांनी कोपरगाव, श्रीरामपूरकडचा आणि आपल्या राहुरीतल्या देवळाली प्रवरा भागाचा नकाशाच बदलला. दख्खनमधले हे कालवे मुळात दुष्काळापासून बचाव म्हणून काढले होते. त्यांतून गुंतवणूक सुटेल अशी खुद्द सरकारचीही फारशी अपेक्षा नव्हती. पण पाऊस बरा असला की ज्वारी-बाजरीवाला शेतकरी कालव्याचं पाणी घेईना, आणि पाणी विकलं गेलं नाही तर खर्च निघेना. मग बारमाही पाणी पिणारं पीक हवं झालं. ऊस आला, आणि उसामागून हरेगावच्या बेलापूर कंपनीसारखे खासगी साखर कारखाने आले. म्हणजे दुष्काळी मुलखाला घोटभर पाणी मिळावं म्हणून काढलेला कालवा शेवटी सगळ्यात तहानलेल्या पिकाच्या कामी आला.

स्वातंत्र्यानंतर मुळा धरण झालं, आपल्या बारागाव नांदूरला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यात पाणी अडू लागलं. क्षमता २६ टीएमसी. उजवा कालवा राहुरीतून निघून नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे जातो. डावा कालवा आखूड, तो राहुरी तालुक्यातच भिजवतो. ज्यांनी कालव्याआधीची राहुरी पाहिली त्यांना विचारा, एका पिढीत जिरायत रानाचं बागायत होणं म्हणजे काय असतं. जमीन तीच, वाटणीही तीच. पण कालव्याच्या खालच्या अंगाच्या एकराला जी किंमत आली ती वरच्या अंगाच्या दहा एकरांना आली नाही.

आता हिशेब बघा. धरण सरकारनं बांधलं, कालवा सरकारनं काढला, दुरुस्ती सरकार करतं, आणि पाणीपट्टीतून धरणाचा खर्च काही सुटत नाही. हे अनुदान नाही तर काय? पण यादीत शोधायला जाल तर कुणाच्याच नावासमोर ते दिसणार नाही. ते मिळतं शिवाराच्या उतारावरून. रान कालव्याच्या खाली पडलं तर पिढ्यान्‌पिढ्या मिळतं, वर पडलं तर नाही.

ज्यांचं रान वर पडलं त्यांनी किती वाट बघावी, याला निळवंडे साक्षी आहे. प्रवरेवरच्याच या धरणाला १९७० साली मंजुरी मिळाली, तेव्हा अंदाजे खर्च आठ कोटींच्या आत होता. डावा कालवा वाहता झाला तो २०२३ मध्ये. तोवर खर्चाचा आकडा पाच हजार कोटींच्या वर गेला होता. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव, सिन्नर इथल्या जिरायती गावांतल्या माणसांची दोन पिढ्यांची उमेद त्या त्रेपन्न वर्षांत खर्ची पडली. तीही कुठल्या यादीत नाही.

पाण्यामागून कारखाना आला. १९४८ मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली. धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५० मध्ये पहिलं गाळप झालं. राहुरी तिथून हाकेच्या अंतरावर. लगेचच्या काळात राहुरीतही सहकारी कारखाना उभा राहिला, आज ज्याला डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे यांचं नाव आहे. या सगळ्या चळवळीत शेतकऱ्यांचा घाम आणि शेअरचे पैसे होतेच, त्याबद्दल दुमत नाही. पण सरकारचं भागभांडवल आणि सरकारची कर्जहमी नसती तर एकही चिमणी उभी राहिली नसती, हेही तितकंच खरं. तालुक्यातली शाळा-कॉलेजं, रस्ते, दूध संस्था, पतपेढ्या यांतलं पुष्कळसं काही त्या चिमणीच्या सावलीत वाढलं.

आणि सावलीत बसायला काय लागत होतं? कारखान्याचा सभासद व्हायचं तर ऊस हवा. ऊस हवा तर पाणी हवं. पाणी हवं तर रान कालव्याखाली किंवा विहिरीला धार हवी. आणि या सगळ्याच्या आधी सातबाऱ्यावर नाव हवं. तगाईचा जुना नियम नवे कपडे घालून आला, इतकंच.

थोडं १९७२ कडे वळू. तो दुष्काळ आमच्या घरात अजून 'बहात्तर' एवढ्याच नावानं ओळखला जातो. साल सांगावं लागत नाही. सुकडी, लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हे राज्याचं वचन. जगात तेव्हा असा कायदा क्वचितच कुठं होता. सरकारी मदतीच्या इतिहासात पहिल्यांदा दारात उभं राहायला जमिनीचा कागद लागत नव्हता. दोन हात पुरत होते. म्हणूनच त्या कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येनं दिसल्या.

पण या योजनेतून झालं काय? पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. पाझर तलाव ज्यांनी खणला त्यांना आठवड्याची मजुरी मिळाली. तलाव भरल्यावर पाणी कुणाच्या विहिरीला उतरलं? तलावाखाली ज्याची जमीन आणि विहीर होती त्याच्या. मजुरी एका मोसमात खाऊन संपली, पाझर वर्षानुवर्षं चालू राहिला. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. पाणी उताराकडेच जाणार. पण सरकारचा पैसाही तसाच उताराकडे जातो आणि उतार आधीच ठरलेला असतो, हे लक्षात यायला मला हे उदाहरण फार उपयोगी पडलं.

१९९० मध्ये या योजनेला एक छान फाटा फुटला, रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड. आपल्याच रानात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, आणि त्याची मजुरी सरकारनं द्यायची. अनुदान शंभर टक्के, पण टप्प्याटप्प्यानं. झाडं जगली तर पुढचा हप्ता. आंबा, बोर, चिकू, डाळिंब यांच्या बागा माळरानावर उभ्या राहिल्या त्या यातून. मला हे आवडतं, कारण हप्ता झाड बघून मिळत होता. झाड खोटं बोलत नाही. अर्थात इथंही रान स्वतःच्या नावावर हवंच.

आता विद्यापीठ. १९६८ मध्ये स्थापना, आणि पुढं महात्मा फुल्यांचं नाव. आपल्याकडे त्याला फक्त 'विद्यापीठ' म्हणतात, जणू जगात दुसरं नाहीच. या विद्यापीठावर दरवर्षी होणारा खर्च हेही शेतीला दिलेलं अनुदानच. पण हे एक अनुदान वेगळ्या जातीचं आहे. भगवा डाळिंब घ्या. 'फुले' नाव लावलेली ज्वारी-हरभऱ्याची वाणं घ्या. पाडेगावच्या संशोधन केंद्रानं महाराष्ट्राच्या पदरात टाकलेला को ८६०३२ ऊस घ्या. किंवा खारवट-चोपण जमिनीतही तग धरणारा फुले २६५ घ्या. एकदा वाण बाहेर पडलं की ते कुणाच्या नावाचा उतारा विचारत नाही. वाट्यानं जमीन करणारा लावतो, बाई लावते, कर्नाटकातला शेतकरीही लावतो. फुल्यांच्या असूडातली शिक्षणाची मागणी इथं थोडी तरी पुरी झाली असं मला वाटतं. या खर्चाची आठवण मात्र मांडवातल्या वादात कुणालाच येत नाही.

(चोपण जमिनीचा विषय निघालाच आहे तर एक. कालव्याचं स्वस्त पाणी आणि स्वस्त युरिया यांनी मिळून आपल्या भागातल्या कितीतरी काळ्या रानांची वाट लावली. पाणी तुंबलं, मीठ वर आलं. एका सवलतीनं रान बिघडायचं आणि दुसऱ्या सरकारी पैशानं त्या बिघडलेल्या रानासाठी वाण शोधायचं. असो.)

वीज आणि खत या दोन गोष्टी पाहुण्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त असतात, म्हणून त्यांचंही सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू झाली. म्हणजे मोटार तासभर चालवा नाहीतर रातभर, बिल तेवढंच. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर वीज मोफत झाली आणि पुढच्याच वर्षी ती सवलत गेली. २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. ठीक. पण ज्याच्याकडे विहीरच नाही त्याला या मोफत विजेतून काय मिळालं? शून्य. एक विहीर, तीन एकरवाल्याला थोडं. दोन विहिरी, बोअर आणि दहा एकर ऊस असलेल्याला सगळ्यात जास्त. युरियाचंही तेच. पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत त्याच्या कित्येक पट आहे आणि फरक केंद्र सरकार कंपन्यांना देतं. जितक्या गोण्या जास्त, तितकं अनुदान जास्त. जिरायत बाजरीवाला किती गोण्या टाकणार?

ठिबकनं यातून जरा मार्ग काढला. लहान शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेत ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के आणि त्यावर राज्याची भर. पाणी वाचतं हे निर्विवाद. पण आधी पाणी असेल तरच ते वाचवायचं ना!

इथपर्यंत वाचून शहरातले नातेवाईक खूष झाले असतील. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" थांबा. आता जमाखर्चाचं दुसरं पान.

२०२३ चा फेब्रुवारी-मार्च आठवा. लाल कांद्याचे भाव असे कोसळले की सोलापुरात ५१२ किलो कांदा विकून, खर्च वजा जाता, एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. देशभर बातमी झाली. आपल्या राहुरी-वांबोरीच्या बाजारातही गाड्यांच्या रांगा होत्या आणि चेहरे उतरलेले होते. मग सरकारनं अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे फार तर सत्तर हजार. याआधी २०१६ ला क्विंटलला १०० आणि २०१८ ला २०० रुपये दिले होते, त्या मानानं बरंच.

आता त्याच वर्षाचा उत्तरार्ध. ऑगस्टमध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. भाव पडले तेव्हा क्विंटलला साडेतीनशे दिले, भाव मिळू लागला तेव्हा बाजाराचं दार लावून घेतलं. दिलेलं वर्तमानपत्रात छापून येतं, घेतलेल्याची पावती मिळत नाही.

शरद जोशी हेच चाळीस वर्षं सांगत होते. शेतकऱ्याला मिळते ती उलटी सबसिडी, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पुष्कळांना ते भाषणबाजी वाटायचं. पण २०१८ मध्ये ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रियर या संस्थांनी मिळून हिशेब मांडला. खत, वीज, पाणी सगळ्या सवलती धरूनसुद्धा २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के भरला. उणे! निर्यातबंदी, साठ्यांवरची बंधनं आणि बाजारातल्या अडवणुकीतून जेवढं गेलं तेवढं अनुदानातून परत आलं नाही.

म्हणजे रात्री पाणी भरणारा बरोबर, आणि पाहुणा चूक? इतकं सोपं असतं तर हा लेख इथंच संपवला असता. कारण खरा पेच पुढे आहे.

कांद्याचा भाव पडतो तेव्हा तो ज्यानं कांदा पिकवला त्या प्रत्येकाचा पडतो. उतारा कुणाच्या नावावर आहे हे आडत्या विचारत नाही. वाट्यानं करणाऱ्याचा, खंडानं घेणाऱ्याचा, नवऱ्यामागं शेत सांभाळणाऱ्या बाईचा, सगळ्यांचा भाव सारखाच पडतो. पण भरपाई येते ती फक्त उताऱ्यावरच्या नावाला. तोटा सगळ्यांचा आणि भरपाई नाववाल्याची, हे राहुरीतल्या दीडशे वर्षांच्या सरकारी मदतीचं मला दिसलेलं सार आहे.

आमच्याच नात्यातल्या एक वहिनी आहेत. नाव लिहीत नाही, वाचणारे ओळखतील. नवरा गेल्यापासून वाटणीला आलेलं दीड एकर त्याच कसतात. रोप टाकण्यापासून पोती शिवेपर्यंत सगळं त्यांचं. २०२३ ला कांदा त्यांनी विकला, बाजारातली पट्टी त्यांच्या नावाची. पण उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर. नियम असा होता की पट्टी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाची असेल तर शपथपत्र आणि संमती द्यायची, आणि पैसे उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जमा व्हायचे. ते तसे झाले. घरातल्या घरात ते वहिनींपर्यंत पोचायला दिवाळी उजाडली आणि त्यातलेही सगळे पोचले नाहीत. कुणी चोरी केली नाही. सासरे देवमाणूस आहेत. पण आपल्या घामाच्या पैशासाठी त्यांना घरातच हात पसरावा लागला, हे मला खुपतं.

वाट्यानं करणाऱ्यांना तर शपथपत्राचीही सोय नाही. त्यामागं एक विचित्र इतिहास आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. लाखो कुळं त्या दिवसानं मालक झाली, ही मोठीच गोष्ट. पण त्यानंतर जमिनीच्या मालकानं धडा घेतला. दुसऱ्याला जमीन करायला द्यायची तर द्या, पण कागदावर लिहू नका. सगळं तोंडी. त्यामुळे जो कायदा कसणाऱ्याला नाव देण्यासाठी आला, त्याच्याच भीतीनं आजच्या कसणाऱ्याचं नाव पुसलं गेलं. पीक कर्ज नाही, विमा नाही, नुकसान भरपाई नाही, पीएम किसान नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या तिन्ही कर्जमाफ्यांत तो नव्हता, कारण त्याचं कर्ज सोसायटीचं किंवा बँकेचं नव्हतंच. ते सावकाराचं किंवा कृषी सेवा केंद्रातल्या उधारीचं. १८७५ साली वह्या जाळणाऱ्यांचं होतं तसंच.

गेल्या काही वर्षांत नोंदी कडक होत चालल्या आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. बोगस लाभार्थी गळतील, ही चांगली गोष्ट. पण हा क्रमांकही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला आहे. जाळी जितकी बारीक विणाल तितकी तिची मूळ भोकं पक्की होतात.

मग काय करायचं? अनुदानं बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. उणे चौदाचा हिशेब आधी मिटवा, मग बोलू. वाढवत न्या म्हणणाऱ्यांतलाही नाही. वाट्यानं जमीन देण्याचे साधे, मुदतीचे, मालकाला भीती वाटणार नाही असे लेखी करार मान्य करणं हे सरकारचं काम आहे आणि ते अवघड आहे. पण एक काम सरकारचं नाही, आपलं आहे.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नव्वदच्या आसपास 'लक्ष्मी मुक्ती' नावाची मोहीम काढली होती. आपण होऊन बायकोच्या नावावर थोडी जमीन करून द्यायची. हजारो शेतकऱ्यांनी ते केलं. १९९२ मध्ये राज्य सरकारनंही त्याच नावाची योजना आणली, नवऱ्यानं अर्ज करून उताऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावून घेण्याची. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरचा हक्क दिला, देशानं तो २००५ मध्ये दिला. कायदा जागेवर आहे. अडलंय ते आपल्या ओट्यावर. बहिणींची 'हक्कसोड' घ्यायची घाई आपल्याला असते. वारस नोंदीची आणि सुनेचं नाव लावायची घाई कुणालाच नसते.

तेव्हा मंडळी, एक विनंती. सही असलेला डिजिटल सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो. आपापल्या घरचा काढा आणि वाचा. कोण गेलंय आणि तरी नाव तसंच आहे? कोण रोज रानात आहे आणि नाव कुठेच नाही? मग तलाठ्याकडे एक अर्ज. धरणाचं पाणी आपल्या हातात नाही, निर्यातबंदी तर त्याहून नाही. उताऱ्यावरची एक ओळ मात्र आहे.

आमच्या वहिनींचं नाव उताऱ्यावर लावायचा अर्ज गेल्या महिन्यात दिलाय. सासऱ्यांनीच सही केली.